चौथ्या खांबाखालची नदी

सकाळी दार उघडलं की होड्या पाण्यावर डुलताना दिसल्या पाहिजेत. सासरच्या घराकडून मी एवढी एकच अपेक्षा ठेवली होती आणि इतकी वर्षं ती बिनबोभाट पुरी होत आली होती. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी मी खाली उतरले, तर सगळ्या होड्या काठच्या चिखलात नाक खुपसून, मागची बाजू वर करून बसलेल्या. जुन्या खांबांवर शेवाळाचा वीतभर पट्टा उघडा पडला होता. पाणी रातोरात खाली गेलं होतं. दुपारपर्यंत ते चढून जागेवर आलं, तेव्हा मी म्हटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग रोजच.

आमचा धंदा होड्या भाड्याने द्यायचा. खालच्या मजल्यावर वल्ही, रंगाचे डबे, शिवून शिवून थकलेली लाइफ जॅकेटं, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. वल्हवायला येणारी मंडळी उजाडताच हजर होतात. त्यांना आधी होडी चिखलातून ओढून काढा म्हणून सांगितलं की त्यांचा व्यायामाचा उत्साह जागीच मावळतो. गळ टाकून बसणारे तर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू पाणी मीच घागरीने उपसून नेते.

आमची नदी अर्धी देवाची आणि अर्धी माणसांची. फार पूर्वी इथल्या चढावर कापडाच्या गिरण्या होत्या. खरी नदी खाली सखल भागातून जायची आणि गिरण्यांची चाकं राहिली वर. मग खरी नदी वरच्या अंगाला अडवली, कुठे तिचाच एखादा जुना फाटा वापरला, कुठे नवं पात्र खणलं, आणि पाणी चढाच्या कडेकडेने आणलं. खणलेल्या भागात ते जिरू नये म्हणून तळाला चिकणमाती घातली आणि ती माणसांनी अनवाणी पायांनी तुडवली. बाया, पुरुष, म्हातारे, सगळे ओळीने. मागून मुकादम यायचा आणि टाच मारून बघायचा. टाच रुतली की पुन्हा तुडवा. गिरण्या केव्हाच गेल्या. त्यांच्या जागी घरं आली, शाळा आली, दवाखाना आला, पण तो तुडवलेला तळ अजून पाणी धरून आहे. पुलापलीकडे तर नदी शेजारच्या घरांपेक्षा उंच आहे. तिथल्या खालच्या गल्लीत उभं राहिलं की काठाच्या भिंतीवरून वल्ह्यांची टोकं तेवढी सरकताना दिसतात.

तुडवणाऱ्यांत माझ्या सासऱ्यांचे पणजोबा होते. हे मला लग्न ठरलं त्या दिवशी कळलं आणि नंतर रोज कळत आलं. सासऱ्यांना सगळा काठ भोंगा म्हणतो. ते धक्क्यावर बोलले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. दर रविवारी मोठ्या होडीतून ते लोकांना फेरी मारून आणतात. होडी धक्क्यावरून सुटली रे सुटली की यांचं सुरू होतं, "मंडळी, तुम्ही आत्ता माझ्या पणजोबांच्या पावलांवरून चाललाय!" मग बूट काढून ते पुरावा म्हणून स्वतःचं पाऊल वर धरतात. पाऊल खरंच बघण्यासारखं आहे, फावड्यासारखं रुंद. नवऱ्याचंही तसंच. त्याच्या मापाच्या बुटांसाठी मी किती दुकानं पालथी घातली आहेत, ते माझं मलाच ठाऊक.

नवरा मात्र बापाच्या अगदी उलटा. लग्नाआधी तो गप्प बसायचा, तेव्हा मला वाटलं होतं, स्वारी विचारी आहे. लग्नानंतर कळलं, नुसतीच गप्प आहे. पण त्या दिवसांत त्याचं गप्प बसणं निराळं होतं. ताटातलं ताटात राहत होतं. अंथरुणावर तो पाठ करून पडायचा आणि त्याच्या पाठीवरून मला कळायचं की डोळे टक्क उघडे आहेत.

तक्रारी गेल्या तशा पाटबंधारे खात्याच्या इंजिनीअर बाई आल्या. कपडे धुळीचे, बोलणं तुटक, पण माणूस सरळ. धक्क्याला टेप लावून त्यांनी पाणी मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खाली बंधाऱ्यावरून रोज संध्याकाळी मला फोनवर पातळी कळते. ती अगदी बरोबर असते. सकाळी तुमच्याकडे मात्र पाणी उतरलेलं. म्हणजे रात्रीत मधेच कुठेतरी जातंय."

"पण दुपारी परत भरतं ना!" मी म्हणाले.

"रात्री वरून पाणी कमी सोडतात. तेव्हा गळती दिसते. दिवसा भरून निघते." त्यांनी टेप गुंडाळला. "तळाची माती फुटली असावी. इकडे अलीकडे कुणी काही खणलंय? काही ठोकलंय?"

नवरा होडी पुसत होता. त्याचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"फुटली असेल तर काय करता?" सासऱ्यांनी विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. "खरं सांगू का आजोबा? दुरुस्ती करायची नाही, असं वर ठरल्यातच जमा आहे. हे वरचं पात्र सांभाळणं खात्याला जड जातंय. त्याचं वरचं तोंड बंद करायचं आणि सगळं पाणी जुन्या पात्रात सोडायचं. इथे मग चालायचा रस्ता होईल. मला तसं नको आहे, म्हणून मी नीट तपासणार आहे. येत्या शनिवारी तळाला भोक पाडून बघायला गिरमिट घेऊन येते."

त्या गेल्यावर सासरे आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "माझ्या पणजोबांची माती फुटायची नाही. कुणीतरी फोडली असेल." आणि ते आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर शेजारची जागा रिकामी. मी खाली आले. नवरा नव्या धक्क्यावर पालथा पडला होता आणि त्याने लोखंडी खांबाला कान लावला होता.

हा नवा धक्का त्याने त्याच वर्षी हिवाळ्यात बांधला होता. जुन्याच्या फळ्या कुजल्या होत्या, म्हणून शेजारीच लोखंडी पाइप घणाने ठोकून त्यावर नव्या फळ्या टाकल्या. सगळं काम एकट्याने. मला त्या धक्क्याचा फार अभिमान होता.

"काय ऐकतोयस?" मी विचारलं. "फोन लागला का कुणाला?"

तो उठून बसला. चेहरा असा की मी थट्टा तिथेच सोडली.

"हा चौथा," तो म्हणाला. "पहिले तीन काठाजवळचे. घण मारला की गच्च लागायचे. हा चौथा आत. थोडा गच्च गेला, आणि मग एकदम मऊ. एका घावात हातभर खाली. मला तेव्हाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तळ फुटला. माती फोडून खालच्या वाळूत गेला खांब. पाणी त्याच्या कडेने उतरतंय." तो खांबाकडे बघतच बोलत होता. "काढायलाही भीती वाटते. काढला आणि भोक मोकळं झालं तर? सगळी नदी जाईल इथून. मी घालवली. बाबांना काय सांगू? त्यांच्या पणजोबांनी पायांनी केलं, ते मी घणाने फोडलं."

धंद्याचा विचार नंतर आला, आधी त्याच्याकडे बघवेना. हा माणूस इतके दिवस हे एकट्याने छातीवर घेऊन झोपत होता. झोपत तरी कुठे होता!

"वन्संना सांगितलंस?" मी विचारलं.

वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. मी त्यांना चिडवायला म्हणून वन्सं म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. त्या खाली बंधाऱ्यावर नोकरीला आहेत, तिथल्याच खोलीत राहतात. बंधाऱ्याच्या मधल्या खाचेत एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. फळी काढली की पाणी उतरतं, घातली की चढतं. ते काम वन्संचं, आणि इंजिनीअर बाईंना संध्याकाळी फोन जातो तोही वन्संचाच.

"तिला कसं सांगू?" नवरा म्हणाला. "ती खात्याची. तिला कळलं तर वर सांगावं लागेल. नाही सांगितलं तर तिची नोकरी जाईल. दोन्हीकडून कारण मीच."

असा विचार करणारा माणूस पदरात पडला की बायकोला हातपाय गाळून चालत नाही. मी चहा केला, त्याला जबरदस्तीने पाजला आणि सायकल काढली. माझं साधं म्हणणं होतं. एवढं पाणी रोज जातंय, तर ते कुठेतरी निघालं पाहिजे. पाणी काही हवेत विरत नाही. आणि नदीतून गळलेलं पाणी खालच्या गल्लीत नाही येणार तर कुठे जाणार?

खालच्या गल्लीत लॉन्ड्रीवालीचं दुकान आहे. तिचं तळघर म्हणजे गल्लीतली सगळ्यात खोल जागा. तिने मला खाली नेलं, दिवा लावला. दोऱ्यांवर चादरी, कोपऱ्यात साबणाची पोती, भिंती ठणठणीत कोरड्या. मी भिंतीला तळहात लावून बघितला, जमिनीवर बसून फटीत बोट घातलं.

"काय हरवलंय?" लॉन्ड्रीवालीने विचारलं.

"नदी," मी म्हणाले.

"ती इथे नाही बाई. इथे ओल आली असती तर माझी साबणाची पोती आधी बोंबलली असती."

तिथून मी शेजारच्या घड्याळजीकडे गेले, त्याच्या पलीकडे बेकरीच्या भट्टीखाली वाकून आले. सगळीकडे कोरडं. परत येताना मी चढ हातात सायकल धरून चढले आणि डोकं भराभर चालायला लागलं. पाणी खाली जात नाहीये. वरून येतं तेवढं येतंय. मग उरलं काय? पुढे. पुढे म्हणजे बंधारा.

मनात आलं ते मला आवडलं नाही. वन्सं रोज संध्याकाळी पातळी बरोबर सांगतात. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. पण संध्याकाळी बरोबर म्हणजे रात्री बरोबर, असं कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मी कुणाला न सांगता सायकलवरून काठाकाठाने निघाले. नदीचा तो भाग माझ्या फार आवडीचा. पुलाखाली खंड्या बसतो, तो होता. शाळेच्या मागच्या भिंतीशी कासवं उन्हाची वाट बघत ओळीने बसली होती. पाणमांजराच्या ओल्या पावलांची ताजी रांग वाटेवर उमटली होती. मला वाटलं, नदीचं वरचं तोंड बंद केलं तर यांना कोण सांगायला येणार, की बाबांनो, उद्यापासून इथे चालायचा रस्ता होणार आहे? माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरून सायकल चालवणं फार वाईट. एका पळत्या बाईच्या अंगावर जाता जाता वाचले.

बंधाऱ्यावर वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, हातात कप. फळ्यांच्या खाचेतली सगळ्यात वरची फळी काढून त्यांनी बाजूला टेकवून ठेवली होती. त्या फटीतून पाणी पातळ थराने पलीकडे उतरत होतं आणि भिंतीवरून खाली गोणपाटं लोंबकळत होती, एकाला एक शिवलेली. पाणी त्यांच्यावरून झिरपत खाली जात होतं.

"वन्सं!" मी ओरडले. माझा आवाज त्या दिवशी सासऱ्यांवर गेला होता.

त्या दचकल्या, चहा सांडला. मला वाटलं, फळी उचलून लपवतील. त्यांनी उलट ओठांवर बोट ठेवलं. "ओरडू नकोस. इकडे ये. पायाखाली बघून ये."

मी जाऊन वाकले. गोणपाटावर काहीतरी हलत होतं. आधी वाटलं दोरे सुटलेत. मग दिसलं, करंगळीएवढे, काचेसारखे बारीक जीव ओल्या कापडाला चिकटून, अंग वळवत वर चढत होते. असंख्य. एखादा घसरायचा, खाली जायचा, आणि पुन्हा चढायला लागायचा.

"वाम माशाची पिल्लं," वन्सं कुजबुजल्या. "समुद्रातून येतात. इथवर येतात आणि अडकतात. जुना बंधारा दगडी होता, शेवाळावरून चढून जायची. गेल्या वर्षी खात्याने नवा बांधला. हात लावून बघ, भिंत कशी गुळगुळीत. खाली ढीग साचायचा आणि बगळे नुसते टिपून खायचे. मला बघवेना. झोपायच्या आधी वरची फळी काढते, सकाळी माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत घालते."

"आणि संध्याकाळचा फोन?"

"तो फळी काढायच्या आधी. मी खोटं काहीच सांगत नाही." मग त्यांचा चेहरा जरा पडला. "खात्याला सांगितलं होतं मी. बघू म्हणाले. बघताहेत अजून."

मी तिथेच ओल्या कठड्यावर बसले. हसू की रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं. "वन्सं, तुमच्या वामींच्या पायी तुमचा भाऊ वेडा व्हायची वेळ आलीय!"

मी सगळं सांगितलं. चौथा खांब, पाइपला लावलेला कान, शनिवार. ऐकता ऐकता वन्संनी रुमाल सोडून हातात घेतला. "मला काय माहीत तुमच्या होड्या टेकताहेत ते! वीतभर पाण्याने काय होतंय, म्हटलं. तो मेला मला एका शब्दाने बोलला का? लहानपणीही असाच. दात दुखला की गाल सुजेपर्यंत सांगायचा नाही." त्या उठल्या, फळी उचलून खाचेत बसवली आणि पायाने दाबली. "थांब. मी आत्ता बाईंना फोन लावते. माझं व्हायचं ते होऊ दे."

घरी येऊन मी नवऱ्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि सांगितलं, गळती नाही, तुझी बहीण आहे. त्याने नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, आता याचा जीव भांड्यात पडेल. तो म्हणाला, "पण खांब मऊ लागला होता."

"अरे, पण पाणी फळीवरून जातंय!"

"फळीवरूनही जात असेल आणि खांबाखालूनही. आज थोडं, उद्या जास्त. मी हाताने अनुभवलंय. गच्च, आणि मग मऊ." आणि तो पुन्हा त्या खांबाकडे बघत उभा राहिला. मला त्याला नदीत ढकलून द्यावंसं वाटलं.

शनिवारी इंजिनीअर बाई आल्या त्याच मुळी तापलेल्या. आधी त्या बंधाऱ्यावर जाऊन वन्संना खडसावून आल्या होत्या, आणि वन्सं त्यांच्या मागोमाग, चेहरा पाडून. रात्रभर फळी जागेवर ठेवली होती आणि होड्या सकाळी पाण्यावर डुलत होत्या.

"माझ्या दृष्टीने विषय संपला," बाई म्हणाल्या. "पाणी कुठे जातं ते कळलं. आता गिरमिट चालवायची गरज नाही."

सासऱ्यांनी छाती फुगवली. "मी म्हटलं नव्हतं? माझ्या पणजोबांची माती आहे ती!" पलीकडचे बगळे उडाले.

विषय तिथे संपवता आला असता. मी नवऱ्याच्या बाहीला धरून ठेवलं होतं, घट्ट. पण त्याने बाही सोडवली आणि तो पुढे झाला. बापासमोर, बहिणीसमोर, खात्याच्या माणसासमोर तो म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलं होतं, काही ठोकलंय का. मी ठोकलंय. चौथा खांब माती फोडून गेलाय बहुतेक. तुम्ही बघा. आज नाही तर पुढे गळेल."

सासरे त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मला त्यांची तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

बाईंनी गिरमिट उचललं. लांब दांड्याचं, टोकाला पोकळ नळी असलेलं. चौथ्या खांबाला लागून त्यांनी ते पाण्यात सोडलं आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागल्या. नवरा दांड्याला हात द्यायला गेला. थोडा वेळ घट्ट गेलं, मग एकदम सैल. नवऱ्याने डोळे मिटले.

त्यांनी गिरमिट ओढून वर काढलं आणि नळीतलं सगळं धक्क्याच्या फळ्यांवर उलटं केलं. वरती जुना गाळ, काळा, दबून दगड झालेला. त्याखाली जाड वाळू, गोल गोल गोटे आणि शिंपल्यांचे तुकडे. बाईंनी बोटाने ते पसरलं. परत एकदा खाली घातलं, आणखी खोल. पुन्हा वाळू, गोटे, शिंपले. काठाकडे सरकून एकदा. गाळ जाड, पण खाली तेच.

"चिकणमाती कुठे आहे?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज फाटला होता.

"नाहीच," बाई म्हणाल्या. "इथे ती कधी नव्हतीच. हे गोटे बघा, किती घासलेत. हे खणलेलं पात्र नव्हे. जुन्या नदीचा फाटा आहे हा. तिने स्वतः केलेला. इथे कुणी तळ घातला नाही, त्यामुळे तुम्ही तो फोडूच शकत नाही. वरचा गाळ गच्च लागला आणि खालची वाळू मऊ, एवढंच." त्या पहिल्यांदाच हसल्या. "ठोका हवे तेवढे खांब."

नवरा खाली बसला. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि त्याचे खांदे हलायला लागले. वन्सं धावल्या, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच पाठीवर हात फिरवत राहिल्या. "सांगायला काय झालं होतं रे तुला? तोंडात काय होतं?" मला इतकं हलकं वाटलं की मी धक्क्याचा कठडा धरून ठेवला.

मग सगळ्यांना एकदमच सासऱ्यांची आठवण झाली.

ते गोट्यांजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी एक गोटा उचलून अंगठ्याने पुसला. हा धक्का, हे घर, या जागेवरून सुटणारी होडी, दर रविवारचं भाषण. सगळं पणजोबांच्या पायांवर उभं होतं आणि त्या पायांखाली आता शिंपले निघाले होते.

"मग माझे पणजोबा," ते बाईंना म्हणाले, "कुठे तुडवत होते?"

"पुलापलीकडे असतील, आजोबा. तिथे माती आहेच. पाच घराण्यांना मिरवायला पुरेल एवढी आहे."

त्यांनी मान हलवली. गोटा फेकतील असं मला वाटलं. त्यांनी मुलाकडे बघितलं. तो अजून तोंडावर हात घेऊन बसला होता, ते रुंद अनवाणी पाय फळीवर पसरून. म्हाताऱ्याची नजर त्या पायांवर गेली. मग गोटा खिशात टाकला आणि उठला.

"बरं झालं," ते म्हणाले. "इथे आमची माती नाही ते फार बरं झालं." आणि माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "अगं, चहा टाकतेस का सगळ्यांना? की बाईंना तशाच पाठवणार आहेस?"

वन्संची नोकरी राहिली. बाईंनी त्यांना चहा पिता पिता आणखी एकदा झापलं आणि जाताना गोणपाटाचा एक तुकडा मोजून घेतला. पुढच्याच आठवड्यात बंधाऱ्याच्या भिंतीवर जाड केसांच्या ब्रशांची एक उतरण बसली. वरून थोडंसं पाणी सोडलेलं. वामीची पिल्लं आता फळी न काढता चढतात आणि वन्सं तरीही स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसतात. गळतीच नाही म्हटल्यावर आमच्या नदीचं वरचं तोंड काही बंद झालं नाही.

पण मला सांगायचाय तो त्यानंतरचा रविवार. मोठी होडी भरली होती. नवरा पुढच्या टोकाला दोरी सोडायला बसला आणि सासरे मधे उभे राहिले. होडी सुटली. मी वल्ह्यावर होते. आता ते काय सांगणार? सवयीने तेच सांगतील? नवऱ्याच्या देखत?

सासऱ्यांनी घसा साफ केला. खिशातून गोटा काढून पहिल्या बाकावर बसलेल्या एका पाहुणीच्या हातात दिला. "हा भाग नदीचा स्वतःचा," ते म्हणाले. "इथे आमचं कुणाचं काही नाही. हा गोटा तिने घासलाय. आमचं पुलापलीकडे. तिथे आलो की सांगतो."

होडी संथपणे चालली होती. पुलाखालून खंड्या उडाला, लोकांनी बोटं दाखवली. पूल मागे पडला आणि सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, आणि थांबले.

पुढच्या टोकाला नवरा झोपला होता. दोरीच्या वेटोळ्यावर डोकं, तोंड उघडं, पाय लोकांच्या दिशेने पसरलेले. कित्येक आठवड्यांची झोप एकदम आली होती. घोरतही होता.

सासऱ्यांनी हात खाली घेतले. सगळ्यांना खुणेने जवळ बोलावलं, माणसं पुढे वाकली. मग त्या माणसाने, ज्याला सगळा काठ भोंगा म्हणतो, इतक्या हळू आवाजात सांगायला सुरुवात केली की मला वल्हं उचलून धरावं लागलं, तेव्हा ऐकू आलं.

"इथून खाली माझ्या पणजोबांनी तुडवलेलं आहे," ते कुजबुजले. आणि या खेपेला स्वतःचा बूट न काढता त्यांनी मुलाच्या पायांकडे बोट दाखवलं. "पाय कसे होते म्हणाल तर, ते बघा. अगदी तसे. पण हळू बघा. उठवू नका त्याला."